गाडीच्या बॉनेटखाली कुठल्या भागाला कुठला रंग द्यावा?

वाशिष्ठीकाठ (४ फेब्रुवारी, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी.

बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला तेव्हा ती अंगणात उभी होती. पाणी उतरल्यावर बॉनेट उघडलं तर कार्बोरेटरपासून बॅटरी ट्रेपर्यंत सगळं चिखलाने लिंपलेलं. भंगारात द्या असं सगळ्यांनी सांगितलं, पण बाबांनी ऐकलं नाही आणि मलाही ते पटलं नाही. तेव्हापासून पैसे आणि रजा जमतील तसं काम चाललंय. पत्रा झाला. आता इंजिन उतरवून बोअर केलंय (सिलिंडर आतून कापून सरळ केलेत), नवे पिस्टन, नव्या रिंगा, बेअरिंग. बॉनेटखालची जागा पूर्ण मोकळी आहे. रंगवायचं तर आत्ताच, एकदा इंजिन चढलं की हात जाणार नाही.

मेस्त्री म्हणतात, "सगळ्याला सिल्व्हर मारू, झकास दिसेल." पेंटर म्हणतो काळा दे, मळ दिसत नाही. माझं मन दोन्हीला तयार नाही, कारण आठ वर्षांपूर्वी मी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातला जळका वायू सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागाला) दुकानातला साधा सिल्व्हर ऑइल पेंट हौसेने लावला होता. परशुराम घाट चढताना बॉनेटमधून धूर आला, आत वास भरला, बाबा गाडी बाजूला घेऊन पाण्याची बाटली घेऊन पळाले. आठवड्याभरात त्या रंगाचे पापुद्रे निघाले.

तर विचारायचं हे: बिडाचा ब्लॉक, त्यावर बसणारं अॅल्युमिनियमचं हेड, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण), रेडिएटर, बॅटरी ट्रे, नटबोल्ट आणि आतला पत्रा. एकाच रंगात भागेल का? स्प्रे कॅन घेऊ की गनने मारून घेऊ? आमच्याकडे जूनपासून हवेतच पाणी असतं, त्यामुळे मे अखेरपर्यंत सगळं उरकायचंय.

टायमिंगचेन (४ फेब्रुवारी, रात्री १०.०५)

पुरातून काढलेल्या गाडीला चार वर्षं देणाऱ्या दोघांनाही मनापासून नमस्कार. फोटो टाका की राव.

काळीपिवळी (४ फेब्रुवारी, रात्री ११.२०)

पद्मिनीचं नाव वाचून थांबलो. माझ्या वडिलांनी मुंबईत तीच चालवली, काळीपिवळी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. त्या दिवशी पप्पा जेवले नाहीत.

मुद्द्याचं सांगतो. आमच्या इंजिनावर रंग नव्हताच. दर रविवारी रॉकेल, ब्रश आणि सुती फडकं. पप्पांचं म्हणणं, रंग इंजिनाचं दुखणं लपवतो. कुठून तेल पाझरतंय, कुठल्या पॅकिंगने दम तोडलाय, हे उघड्या बिडावर लगेच कळतं. तेव्हा माझा सल्ला: रंगवू नका, पुसत राहा.

उद्यमनगरी (५ फेब्रुवारी, सकाळी ७.१५)

काळीपिवळी, वडिलांचं म्हणणं रोज चालणाऱ्या टॅक्सीला लागू. रोज गरम होणाऱ्या, दर आठवड्याला पुसल्या जाणाऱ्या इंजिनावर तेलाचा हलका हात कायम असतो, गंज चढत नाही. ही गाडी पुराच्या पाण्यात होती, आता महिन्यातून दोनदा निघणार, तीही कोकणात. उघडं बीड पहिल्याच पावसात तांबडं होईल.

मी कोल्हापूरचा, तीस वर्षं फाउंड्रीत. बिडाबद्दल बोलतो, रंगाचं जाणकारांनी सांगावं.

बीड वरून घट्ट दिसतं, पण त्याला बारीक छिद्रं असतात आणि चाळीस वर्षांचं तेल त्यात मुरलेलं असतं. वरून पुसलं की स्वच्छ वाटतं, रंग मारला, इंजिन तापलं, की आतलं तेल बाहेर येतं आणि रंगाला खालून ढकलतं. लोक रंगाला नावं ठेवतात, दोष खालच्या तेलाचा असतो.

म्हणून असं करा. आधी खरवडून चिखल आणि चिकटा काढा. मग रॉकेलने किंवा डिझेलने धुवा. इथेच थांबू नका, कारण रॉकेल स्वतःच तेलकट थर मागे ठेवतं. गरम पाणी आणि कपड्याच्या साबणाची पावडर घेऊन ब्रशने घासून धुवा. पाणी पडलं की ते पसरलं पाहिजे, थेंब थेंब उभे राहिले तर अजून तेल आहे. वाळवा. मग ब्लॉक हीटगनने हाताला चटका बसेल इतका गरम करा. बघा कसा घाम फुटतो त्याला. ते पुसा, पुन्हा गरम करा. दोन-तीन वेळा केलंत की घाम थांबतो. शेवटी थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसून त्याच दिवशी पहिला हात मारा. रात्रभर ठेवलंत तर सकाळी त्यावर तांबूस झाक आलेली असेल, तुमच्या हवेत तर नक्कीच.

एक ताकीद. इंजिनवाल्याकडे कॉस्टिक सोड्याची उकळती टाकी असते. ब्लॉक त्यात खुशाल घाला. हेड चुकूनही घालू नका. कॉस्टिक अॅल्युमिनियम खातं, फेस येतो तो धातू विरघळत असतो. माझ्या डोळ्यांदेखत एका पोराने चांगलं हेड असं घालवलंय, पोटात गोळा आला होता.

वाशिष्ठीकाठ (५ फेब्रुवारी, सकाळी ८.०२)

उद्यमनगरीदादा, खूप आभार. हेड उद्याच टाकीत जाणार होतं. आत्ता फोन करून थांबवलं.

उद्यमनगरी (५ फेब्रुवारी, सकाळी ८.०५)

वाचलं म्हणायचं! चहा घेतो आता.

रंगारीण (५ फेब्रुवारी, दुपारी १.३०)

माझा विषय निघाला. मी माटुंग्याला यूडीसीटी या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेत शिकले, आता तिला आयसीटी म्हणतात, आणि पुढची बावीस वर्षं रंगाच्या कारखान्यात गेली.

आधी घाटातल्या धुराचं कारण. साध्या ऑइल पेंटचं रेझिन कार्बनच्या साखळ्यांचं असतं. शंभर-सव्वाशे अंशांपुढे ते पिवळं पडतं, आणखी तापलं की जळतं. घाट चढताना एक्झॉस्ट मॅनिफोल्ड पाचशे अंशांच्या आसपास जातो. म्हणजे तुम्ही लावलेला रंग त्या दिवशी अक्षरशः इंधनासारखा जळला. अशा जागी लागतो तो सिलिकोन रेझिनचा हीट रेझिस्टंट रंग. त्याचा सांगाडा सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा, वाळूचा असतो तसा. तापल्यावर त्यातला कार्बनचा भाग उडून जातो आणि मागे जो सांगाडा उरतो तो अॅल्युमिनियमच्या बारीक पापड्यांना धरून ठेवतो. बाजारात हा २००, ४०० आणि ६०० अंशांच्या प्रतीत मिळतो. मॅनिफोल्डला ६०० चाच घ्या.

त्याच्याखाली रेड ऑक्साईड मारू नका. कोणी कितीही आग्रह केला तरी नाही. रेड ऑक्साईड प्रायमरचं रेझिन साधंच असतं, ते खाली जळणार आणि वरच्या महागड्या रंगाला घेऊन सुटणार. हा रंग थेट उघड्या, खरखरीत केलेल्या धातूवर मारायचा. आणि पातळ. दोन हात मिळून चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. "थोडा जास्त दिला तर जास्त टिकेल" हा समज इथे उलटा लागतो, जाड थराला फोड येतात.

ब्लॉकचं गणित वेगळं. तो शंभर-एकशेवीसच्या वर फारसा जात नाही. त्याला ६०० चा रंग देणं चूक, कारण तो रंग कडक होण्यासाठी दोनशेच्या वर तापावा लागतो आणि ब्लॉक तेवढा तापतच नाही. मग तो कायम अर्धा कच्चा राहतो, पेट्रोलचं फडकं फिरवलं की निघून येतो. ब्लॉकला इंजिन इनॅमल, किंवा इपॉक्सी प्रायमरवर टू-पॅक पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग.

म्हणून मूळ प्रश्नाचं उत्तर: एका रंगात भागणार नाही. तो भाग काय काय सोसतो ते आधी लिहून काढा. मॅनिफोल्ड आग सोसतो, ब्लॉक तेल सोसतो, बॅटरी ट्रे आम्ल सोसतो, ब्रेकच्या टाकीखालचा पत्रा ब्रेक ऑइल सोसतो.

दर्यावर्दी (५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.५०)

रंगारीणताईंना अनुमोदन. जहाजांवर छत्तीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली. एक्झॉस्टच्या नळकांड्यांना आम्ही हाच अॅल्युमिनियमचा रंग देत असू.

त्यात एक गोष्ट राहिली. हा रंग नुसता वाळून चालत नाही, तो भाजावा लागतो, आणि टप्प्याटप्प्याने. साधारण १२० अंशांवर अर्धा तास, मग थंड, मग २०० वर अर्धा तास, थंड, मग ३१५ च्या आसपास अर्धा तास. डब्यावर जे लिहिलंय ते पाळा, पण चाल अशीच असते. एकदम तापवलात तर आतला थिनर उसळून फोड आणतो. घरी भट्टी नसेल तर मॅनिफोल्ड गाडीवर चढवायचा, इंजिन दहा मिनिटं आयडलवर, बंद, थंड, पुन्हा वीस मिनिटं, थंड, मग फेरी मारून या. झालं काम.

बोअरिंगवाला (५ फेब्रुवारी, रात्री ९.१२)

दर्यावर्दीकाका, मान राखून सांगतो, इथे ते चालणार नाही. इंजिन नुकतंच बोअर केलंय. नव्या रिंगा सिलिंडरला बसायला भार लागतो. पहिल्याच दिवशी आयडलवर अर्धा-अर्धा तास ठेवलंत तर रिंगा बसण्याऐवजी सिलिंडरची भिंत गुळगुळीत होईल आणि गाडी जन्मभर तेल पिईल. आम्ही असं इंजिन सुरू झालं की गळती, पाणी आणि ऑइल प्रेशर बघून लगेच रस्त्यावर काढतो. रंगासाठी इंजिनाचा बळी देऊ नका.

दर्यावर्दी (५ फेब्रुवारी, रात्री ९.३०)

अगदी बरोबर. ओव्हरहॉल झालंय हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलेलं होतं, मी त्याचा विचारच केला नाही. माझा सल्ला मागे. मॅनिफोल्ड बाहेरच भाजायला हवा.

सुगरण (५ फेब्रुवारी, रात्री ९.४८)

बाहेरच म्हणजे बाहेरच हं. आमच्या ह्यांनी स्कूटरचा सायलेन्सर माझ्या केकच्या ओव्हनमध्ये ठेवायचा बेत केला होता. मी ओव्हनपुढे खुर्ची टाकून बसले.

रंगारीण (५ फेब्रुवारी, रात्री १०.१०)

सुगरणताई, तुम्ही घर वाचवलंत. भाजताना निघणारी वाफ आणि धूर ओव्हनच्या भिंतींना बसतो आणि पुढे अन्नात उतरतो. ज्यात जेवण होतं त्या ओव्हनमध्ये रंग कधीच नाही.

वाशिष्ठीकाठ, जवळच्या एमआयडीसीत पावडर कोटिंगवाला शोधा. त्यांची भट्टी १८० ते २०० अंशांना चालते. पहिले दोन टप्पे तिथे होतील. तिसरा टप्पा पहिल्या घाटात आपोआप होईल, तोवर मॅनिफोल्डवर पेट्रोल-तेल सांडू देऊ नका.

तर्कट (६ फेब्रुवारी, सकाळी १०.२५)

एक शंका. काळा रंग उष्णता जास्त बाहेर टाकतो असं शाळेत शिकलो. मग रेडिएटर, ब्लॉक, हेड, सगळं काळं केलं तर इंजिन थंड राहायला हवं. सिल्व्हर दिला तर इंजिन जास्त तापेल ना?

रंगारीण (६ फेब्रुवारी, दुपारी १.१५)

फार चांगली शंका. डोळ्यांना दिसतो तो रंग आणि उष्णतेच्या किरणांना दिसतो तो रंग, हे दोन वेगळे. इंजिनाच्या तापमानाला निघणारे किरण अवरक्त असतात आणि त्यांच्या बाबतीत काळा, निळा, पांढरा, कुठलाही साधा रंग जवळपास सारखाच, आदर्श काळ्या वस्तूच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास किरण टाकणारा. अॅल्युमिनियमच्या पापड्यांचा रंग मात्र खरोखर कमी टाकतो, तीस ते पन्नास टक्के. तेवढं तुमचं बरोबर.

पण ब्लॉक नव्वद-शंभर अंशांवर असताना किरणांनी जाणारी उष्णता किरकोळ असते. इंजिन थंड होतं ते पाण्याने, आणि रेडिएटर त्या पाण्याला थंड करतो ते वाऱ्याने. म्हणून रेडिएटरला रंगाची छटा महत्त्वाची नाही, जाडी महत्त्वाची. जाळीत रंग साचला की वारा अडतो. रेडिएटरचा वेगळा पातळ काळा रंग मिळतो, तो धुक्यासारखा एकच हात, नाहीतर जाळीला काहीच नको, फक्त वरखालच्या टाक्या रंगवा.

मॅनिफोल्डवर मात्र तुमची शंका उलट्या बाजूने कामाची. तिथे तापमान एवढं असतं की किरणांचा वाटा मोठा होतो. अॅल्युमिनियमचा रंग दिला तर शेजारच्या वायरी आणि रबरी नळ्या कमी भाजतात.

तर्कट (६ फेब्रुवारी, दुपारी १.४०)

शाळेतलं अर्धं आणि आजचं अर्धं मिळून पूर्ण समजलं. धन्यवाद ताई.

मिशिगनकर (६ फेब्रुवारी, रात्री ११.५५)

डेट्रॉईटजवळ राहतो. इकडे इंजिनाचा रंग म्हणजे घराण्याचं आडनाव. शेव्हरोलेचं व्ही-आठ नारिंगी, फोर्डने १९६६ पासून सगळ्या इंजिनांना एकच निळा दिला. जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत परीक्षक बॉनेट उघडून पहिल्यांदा हेच बघतात.

म्हणून सुचवतो, आधी तुमच्या इंजिनाचा मूळ रंग शोधा. डायनॅमोच्या ब्रॅकेटखाली, इंजिन माउंटिंगच्या बुडाशी, जिथे ऊन, तेल, ब्रश काहीच पोचत नाही तिथे मूळ थर शिल्लक असतो. साफ करण्याआधी बघा, नंतर पुरावा जाईल.

अवांतर: इटालियन घराण्याचीच गोष्ट आहे म्हणून. फेरारीची १९५० च्या दशकातली टेस्टा रोसा, म्हणजे 'लाल डोकं', हे नाव तिच्या टॅपेट कव्हरच्या लाल रंगावरून पडलं. पद्मिनीचा वंशही फियाट ११०० चाच.

टायमिंगचेन (७ फेब्रुवारी, सकाळी ७.३०)

मग ठरलं. टॅपेट कव्हर लाल!

वाशिष्ठीकाठ (७ फेब्रुवारी, रात्री ८.५०)

बाबांना लाल कव्हर विचारलं. ते म्हणाले, "लग्नाच्या वरातीला काढायचीय का गाडी?" तेव्हा तो विषय तूर्त मिटला.

मिशिगनकर, तुमची सूचना सोन्यासारखी. ब्रॅकेट काढलं आणि खाली नखाएवढा हिरवट करडा थर सापडला. बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, अंगठ्याने पुसलं आणि म्हणाले, "हाच. गाडी घरी आणली त्या दिवशी बॉनेट उघडून शेजाऱ्यांना दाखवलं होतं, तेव्हा हाच होता." ब्लॉकला तोच द्यायचा. नमुना घेऊन छटा जुळवून घेतो.

काळीपिवळी (७ फेब्रुवारी, रात्री ९.१०)

माझा विरोध निम्मा मावळला. करडा असेल तर तेलाचा काळा ओघळ लगेच दिसेल. काळा मात्र देऊ नका. काळ्यावर तेल दिसत नाही, खाली फरशीवर डाग पडला की मगच कळतं.

झिंकवाला (८ फेब्रुवारी, दुपारी १२.४०)

नटबोल्टबद्दल कोणीच बोललं नाही. भोसरीत माझं प्लेटिंगचं युनिट आहे.

नटबोल्ट रंगवू नका. पाना लागला की कोपऱ्यावरचा रंग उडतो आणि तिथूनच गंज सुरू होतो. शिवाय आट्यांमध्ये रंग गेला की टॉर्क चुकतो, पाना सांगतो बोल्ट आवळला आणि बोल्ट असतो सैल. ब्रॅकेटचे, कव्हरचे, पाइपांच्या क्लिपांचे साधे बोल्ट एका डब्यात गोळा करा, झिंक प्लेटिंग करून त्यावर पिवळं पॅसिव्हेशन (झिंकला जपणारा पातळ थर) करून घ्या. किलोवर भाव असतो, सगळ्या गाडीचे मिळून फार होत नाही. देण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढा आणि लांबी लिहून ठेवा, परत आलेल्या ढिगातून ओळखणं म्हणजे डोकेदुखी.

हेडचे स्टड आणि बोल्ट, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, फ्लायव्हीलचे बोल्ट, हे मात्र कुणालाही प्लेटिंगला देऊ नका. बोल्टच्या डोक्यावर ताकदीचा आकडा १०.९ किंवा १२.९ असेल तर तर नाहीच. आम्लात बुडवताना हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कडक पोलाद ठिसूळ होतं. भट्टीत तासन्‌तास भाजून तो काढता येतो, पण सगळेच प्लेटिंगवाले ते करत नाहीत. असा बोल्ट आवळताना तुटत नाही, चार दिवसांनी चालत्या गाडीत तुटतो. ते तेलात ठेवा, बस्स.

कागदपत्र (८ फेब्रुवारी, दुपारी ३.०५)

महत्त्वाचं. इंजिन नंबर आणि चासी नंबर! १९८६ ची गाडी म्हणजे दर पाच वर्षांनी आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण, आणि तिथे दोन्ही नंबर तपासतात. ब्लास्टिंगआधी (वाळूचा मारा करून साफ करण्याआधी) नंबरांवर ग्रीस लावून जाड टेप लावा, वाळूने आकडे झिजतात. त्यावर लांबी (पुट्टी) किंवा जाड रंग भरू नका. माझ्या मामांच्या जीपचा नंबर रंगात बुजला होता, खरवडताना दोन आकडे पुसट झाले आणि ते सिद्ध करत मामांनी सात महिने खेटे घातले.

कुडाळची_जाई (८ फेब्रुवारी, रात्री ८.२०)

बॅटरी ट्रेचं मी सांगते, आमच्या मारुती ८०० चा ट्रे तीनदा बदललाय. रंग कितीही चांगला असो, आम्ल आधी मारायला हवं. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता, फेस येणं थांबेपर्यंत. मग धुवा. तिसऱ्या वेळी आम्ही ट्रे पावडर कोटिंग करून घेतला आणि वर रबराची चटई घातली. सहा पावसाळे झाले, अजून शाबूत आहे.

फक्त अर्थिंगची जागा झाकायला सांगा. पावडर कोटिंग वीज अडवतं. आमची गाडी परत आल्यावर सेल्फ नुसता कण्हत होता, सगळे बॅटरीला दोष देत होते. अर्थची पट्टी जिथे बोल्टने बसते तिथला रंग घासला आणि एका झटक्यात सुरू झाली.

रंगारीण (८ फेब्रुवारी, रात्री ९.००)

जाईला +१. ब्रेक ऑइलचंही सांगून टाकते. डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकॉलवर्गाचे, साधा रंग काही मिनिटांत सुरकुततो. टू-पॅक पीयू बराच वेळ टिकतो, कायमचा नाही. सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. ते पाण्यात विरघळतं.

आणि टू-पॅकबद्दल कळकळीची विनंती. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. गनने मारताना त्याचं धुकं छातीत गेलं की दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही उसळतो. तोंडाला रुमाल बांधून चालत नाही, कापडी मास्कनेही नाही. बाहेरची ताजी हवा नळीने देणारा मास्क लागतो. माझे दोन सहकारी यातून गेलेत. तुमच्या पेंटरकडे ती सोय नसेल तर आतल्या पत्र्याला टू-पॅक हट्टाने मारायला लावू नका. चांगल्या इपॉक्सी प्रायमरवर साधा गाडीचा रंग द्या, तोही ब्रशने नाहीतर मोकळ्या हवेत. दोन वर्षांनी पुन्हा हात मारावा लागेल, लागू दे.

दर्यावर्दी (८ फेब्रुवारी, रात्री ९.२५)

ताई, हे ठळक अक्षरांत लिहायला हवं होतं. आमच्या काळात हे कोणी सांगितलं नाही.

टायमिंगचेन (९ फेब्रुवारी, सकाळी ८.१०)

हेडचं काय ठरलं? त्याला कोणता रंग?

उद्यमनगरी (९ फेब्रुवारी, सकाळी ८.४५)

माझं मत, काहीच नाही. अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या दुप्पट फुगतं, रंगाला रोज ताणतं. रेड ऑक्साईड तर त्याला धरतच नाही. काचेच्या मण्यांनी हलकं ब्लास्टिंग करून घ्या, तेही झडपा आणि पाण्याच्या वाटा बंद करून. एक मणी आत राहिला तर नवं बेअरिंग जाईल. ब्लास्टिंगनंतर सगळी छिद्रं हवेने आणि पाण्याने साफ करा, मग पुन्हा एकदा करा.

वाशिष्ठीकाठ (२४ मे, रात्री १०.३०)

मंडळी, उशिरा आलो पण काम करून आलो.

ब्लॉकला घाम चार वेळा फुटला, चौथ्यांदा फडकं स्वच्छ निघालं. मग इपॉक्सी प्रायमर आणि जुळवलेला हिरवट करडा. हेड तसंच उघडं, मण्यांनी साफ केलेलं. मॅनिफोल्डला ६०० चा अॅल्युमिनियम, थेट धातूवर, दोन पातळ हात. खेर्डीच्या एमआयडीसीत भट्टी मिळाली. मालकाने आधी नाही म्हटलं, मग गाडीची गोष्ट ऐकून पैसे न घेता दोन्ही टप्पे करून दिले. बॅटरी ट्रे तिथेच पावडर कोटिंगला दिला, अर्थिंगची जागा झाकून. बोल्ट प्लेटिंग करून आले, हेडचे स्टड तेलात राहिले. आतल्या पत्र्याला साधा रंग. पेंटरकडे तो मास्क नव्हता.

टॅपेट कव्हर शेवटी काळंच ठेवलं, सुरकुत्यांच्या रंगात. तेवढाच एक भाग बाबांनी स्वतः मारला. जाड थर देऊन हीटगन फिरवली की सुरकुत्या उठतात, ते बघताना बाबा किती खूष झाले होते ते सांगता येणार नाही.

काल पहिली फेरी. परशुराम घाट. वळणावर मी दोनदा काच खाली करून वास घेतला. सुरुवातीला थोडा आला, रंगारीणताईंनी सांगितलेला तिसरा टप्पा. वर देवळापाशी थांबून बॉनेट उघडलं. मॅनिफोल्ड तसाच्या तसा.

पण काळीपिवळी, तुमच्या पप्पांना सांगा. ब्लॉकच्या करड्या रंगावर, कव्हरखालून, काडीएवढा तेलाचा ओघळ दिसला. काळा असता तर पावसाळाभर कळलं नसतं. आज कव्हर उघडलंय. कॉर्कचं पॅकिंग एका कोपऱ्यात दुमडलं होतं.

काळीपिवळी (२४ मे, रात्री १०.५२)

पप्पांना वाचून दाखवलं. ते विचारतायत, बोल्ट जास्त आवळले होते का? कॉर्क दाबला की बाहेर सरकतो. नवं पॅकिंग घ्या, कव्हरच्या बाजूला थोडा ग्रीसचा हात द्या म्हणजे ते हलणार नाही, आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत घाई करू नका, आधी कव्हरची कड सपाट काचेवर ठेवून बघा.

वाशिष्ठीकाठ (२४ मे, रात्री ११.०५)

काच काढली कपाटाची. बाबा टॉर्च धरून उभे आहेत. कड एका बाजूला वाकलीय.